हिऱ्याचा सातबारा

मुळशी तालुक्याचें ठाणें असलेलें पौड हें गांव पुण्याच्या पश्चिमेस मुळा नदीच्या काठीं वसलेलें आहे. तालुक्याची तहसील कचेरी येथेंच असल्यामुळें जमिनीच्या कागदांसाठीं खोऱ्यांतल्या दूरदूरच्या वाड्यांवरून माणसें येथें येतात. त्यांतील कित्येकांचें शिक्षण बेताचेंच असतें. पण सातबाऱ्याचा उतारा हातीं पडला म्हणजे तो कसा वाचावा, हें त्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. मालकाचें नांव, गट नंबर, हेक्टर-आरमधील क्षेत्र, आणि 'इतर हक्क' या रकान्यांत कोणाचा बोजा चढला आहे काय, या गोष्टींवरून त्यांची नजर क्रमानें फिरते. एवढ्यानेंही त्यांचें समाधान होत नाहीं. कागदावरील गट आणि बांधावर उभें राहून दिसणारी जमीन एकच आहे ना, याची खात्री करून घेतल्यावांचून ते इसाऱ्याचा पैसा देत नाहींत. सातबाऱ्यावर जमिनीची किंमत लिहिलेली नसते, हेंही त्यांस पक्कें ठाऊक असतें.

परंतु त्याच घरांत लग्नकार्य निघालें, पिरंगुट-भूगांवच्या रस्त्यानें माणसें पुण्यास आलीं आणि सराफाच्या पेढीवर हिऱ्याची अंगठी किंवा कुड्या पाहूं लागलीं, म्हणजे ही सावधगिरी कोठें जाते कोण जाणे! वर्षानुवर्षें सांठविलेली शिल्लक, क्वचित् जमिनीच्या एखाद्या तुकड्याचे आलेले पैसे, एका लुकलुकणाऱ्या खड्यासमोर ठेवले जातात. खड्याबरोबर इंग्रजींत छापलेला एक गुळगुळीत कागद मिळतो. 'सर्टिफिकेट आहे' एवढें ऐकून तो डबींत ठेवला जातो आणि पुन्हां सहसा उघडला जात नाहीं. कोथरूडच्या किंवा सदाशिव पेठेंतील सुशिक्षित कुटुंबांची रीतही याहून फारशी निराळी नसते. वस्तुतः हा कागद म्हणजे हिऱ्याचा सातबाराच होय. तो वाचतां येणें, तो खड्याशीं ताडून पाहणें, आणि त्यांत काय लिहिलेलें नसतें हें ओळखणें, या तीन गोष्टी साधल्या म्हणजे हिऱ्याच्या खरेदींतील मोठे धोके टळतात.

सोन्याच्या बाबतींत महाराष्ट्रीय गृहिणी सहसा फसत नाहीं, याचें कारण उघड आहे. सोन्याचा कस ठरलेला, त्याचा भाव रोजच्या वर्तमानपत्रांत छापलेला, आणि एका तोळ्यास जो भाव तोच दहा तोळ्यांस लागू. हिऱ्याचें तसें नाहीं. सारख्याच वजनाचे दोन हिरे शेजारीं ठेवले, तर एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असूं शकते. शिवाय त्याच प्रतीचा दुप्पट वजनाचा हिरा घेतला तर दुपटीहून पुष्कळ अधिक पैसे पडतात, कारण निसर्गांत मोठा खडा दुर्मिळ असतो. ही अडचण आजची नव्हे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें 'बृहत्संहितें'त हिऱ्याच्या परीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला आहे, आणि तेथें तांदुळाच्या दाण्यांत वजन मोजून किंमत सांगितली आहे.

आज ही परीक्षा ज्या भाषेंत लिहिली जाते, ती मात्र विसाव्या शतकांत घडली. १९३१ सालीं अमेरिकेंत 'जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका', म्हणजेच जीआयए, ही संस्था निघाली. तिनें रंग, स्वच्छता, घडण व वजन या चार गुणांची मोजपट्टी निश्चित केली, आणि १९५५ पासून हिऱ्यांस प्रतवारीचे दाखले देण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं प्रत्येक बाजाराची परिभाषा वेगळी असे. एका पेढीवरचें पहिल्या पाण्याचें रत्न दुसऱ्या पेढीवर दुसऱ्या पाण्याचें ठरे. १९७५ सालीं अँटवर्प येथें स्थापन झालेली 'इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट', म्हणजेच आयजीआय, ही दुसरी मोठी संस्था. या दोन्ही संस्थांच्या शाखा मुंबईंत आहेत. शिवाय १९७१ मध्यें स्थापन झालेली 'जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' ही संस्थाही मुंबईंतच आहे. अशा संस्था हिरे विकत नाहींत, हेंच त्यांच्या शब्दाचें मुख्य बळ. ज्या पेढीवर हिरा विकला जातो तिच्याच शिक्क्याचा कागद मिळाला, तर त्यास विकणाराचें म्हणणें यापलीकडे किंमत देतां येत नाहीं. दोन संस्थांची नजरही अगदीं सारखी नसते. एकीनें दिलेली प्रत दुसरीकडे एखाद्या पायरीनें खालीं-वर होऊं शकते. म्हणून दोन खड्यांच्या किंमतींची तुलना करावयाची झाल्यास दोहोंचे दाखले एकाच संस्थेचे असावेत.

दाखला उघडल्यावर पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे हिरा खाणींतला आहे कीं माणसानें घडविलेला आहे. पहिल्यास 'नॅचरल' व दुसऱ्यास 'लॅबोरेटरी-ग्रोन' असा शब्द असतो. बाजारांत दुसऱ्याला 'लॅबग्रोन' म्हणतात. हा खडा म्हणजे 'अमेरिकन डायमंड' नांवाचा नकली खडा नव्हे. तो खराच हिरा असतो. द्रव्य तेंच, काठिण्य तेंच, चमकही तीच. कार्बनावर प्रचंड उष्णता व दाब यांचा प्रयोग करून, किंवा मिथेनसारख्या वायूंतील कार्बनाचे थर एका पातळ हिरकणीवर बसवून, तो कांहीं आठवड्यांत तयार होतो. सुरतेंत हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो. नुसत्या डोळ्यांना, किंबहुना जवाहिऱ्याच्या भिंगालाही, हा भेद ओळखतां येत नाहीं. त्याला परीक्षणसंस्थेचीं यंत्रेंच लागतात. किंमतींत मात्र जमीन-अस्मानाचें अंतर आहे, आणि कारखाने वाढत गेल्यामुळें गेल्या कांहीं वर्षांत मानवनिर्मित हिऱ्यांचे भाव झपाट्यानें उतरले आहेत. असा हिरा आवडीनें, समजून-उमजून घेण्यांत वावगें कांहीं नाहीं. बेताच्या पैशांत मोठा व स्वच्छ खडा त्यामुळें मिळतो. खाणींतल्याचा भाव देऊन घडविलेला घरीं आणणें ही मात्र फसगत होय. २०१५ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें नुसता 'डायमंड' हा शब्द नैसर्गिक हिऱ्यासाठींच राखून ठेवलेला आहे. जीआयएनें तर ऑक्टोबर २०२५ पासून मानवनिर्मित हिऱ्यांस रंग व स्वच्छतेच्या जुन्या प्रती देणें बंद केलें असून 'प्रीमियम' व 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले आहेत.

यानंतर वजन. येथें एक शब्द दोन ठिकाणीं घोटाळा करतो. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग केले म्हणजे एक सेंट. बाजारांत 'तीस सेंटचा खडा' असें जें म्हणतात तो एक कॅरटाच्या तीन दशांश वजनाचा असतो. अर्धा कॅरट, एक कॅरट अशा पूर्ण आंकड्यांपाशीं भाव एकदम चढतो, कारण मागणी त्या आंकड्यांना असते. त्यामुळें ९० सेंट आणि १ कॅरट या दोन गोल हिऱ्यांच्या व्यासांत पाव मिलिमीटराच्या आसपास अंतर असलें, तरी त्यांच्या भावांत मोठी तफावत पडते. बोटांतल्या अंगठीकडे पाहून हें अंतर कोणास कळणार नाहीं. चतुर गिऱ्हाइकानें पूर्ण आंकड्याच्या किंचित् अलीकडचा खडा मागावा.

रंगाची मोजपट्टी इंग्रजी 'डी' या अक्षरापासून 'झेड'पर्यंत जाते. ए, बी, सी हीं अक्षरें जुन्या पेढ्या आपापल्या अर्थानें वापरीत असत, म्हणून नव्या पट्टीचा आरंभ चौथ्या अक्षरापासून केला गेला. डी, ई, एफ हे रंगहीन. जी पासून जे पर्यंतचे जवळजवळ रंगहीन. त्यापुढें पिवळसर छटा हळूहळू वाढत जाते. परीक्षक हा रंग खडा उलटा ठेवून, ठराविक प्रकाशांत, नमुन्याच्या खड्यांशीं ताडून ठरवितात. पिवळ्या सोन्याच्या कोंदणांत बसविलेला एच किंवा आय प्रतीचा खडा घरच्या उजेडांत पांढराच दिसतो. अशा कोंदणासाठीं डी प्रतीचे पैसे मोजणें म्हणजे बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या गुणाची किंमत देणें होय. प्लॅटिनमच्या किंवा पांढऱ्या सोन्याच्या अंगठींत मात्र पिवळी छटा लवकर उठून दिसते.

स्वच्छतेचेंही असेंच आहे. हिऱ्याच्या पोटीं गारगोटी ही म्हण माणसांविषयीं असली, तरी खऱ्या हिऱ्याच्या पोटांतही बहुधा कांहीं ना कांहीं असतेंच: एखादा सूक्ष्म स्फटिक, पिसासारखी चीर, ढगासारखा धूसरपणा. दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगाखालीं हे दोष तपासून अकरा प्रती ठरविल्या जातात. अगदीं निर्दोष खड्यापासून आरंभ होऊन पुढें व्हीव्हीएस, मग व्हीएस, मग एसआय आणि शेवटीं आय अशी ही उतरंड आहे. व्हीएस प्रतीचे दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. एसआय प्रतीचे बहुधा दिसत नाहींत, पण दोष पृष्ठभागाच्या मधोमध काळा बसला असेल तर दिसूंही शकतो. आय प्रतींत ते उघड दिसतात आणि कधीं कधीं खड्याच्या मजबुतीलाही बाधा आणतात. मोठ्या खड्यांच्या सविस्तर दाखल्यावर या दोषांचा नकाशा काढलेला असतो. हाच नकाशा पुढें खडा ओळखण्याच्या कामीं येतो.

चौथा गुण घडणीचा, आणि तेजाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा. रंग, स्वच्छता आणि वजन यांचें मूळ निसर्गाकडे असतें. घडण सर्वस्वीं कारागिराची. पैलूंचे कोन नेमके साधले तर आंत शिरलेला प्रकाश परावर्तन पावून डोळ्यांकडे परत येतो. पोट फार खोल किंवा फार उथळ झालें, तर तोच प्रकाश तळांतून निसटतो आणि खडा मलूल दिसतो. तरीही वजन राखण्याच्या मोहानें पोट खोल ठेवलेले हिरे बाजारांत पुष्कळ येतात, कारण विक्री वजनावर होते.

या मोहाचा आणि त्याच्या त्यागाचा इतिहास महाराष्ट्रांतल्याच एका रत्नानें दाखविला आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशीं ज्याचा संबंध सांगितला जातो तो 'नाशिकचा हिरा' १८१८ मध्यें, दुसऱ्या बाजीरावाची सत्ता संपली तेव्हां, पेशव्यांकडून इंग्रजांच्या हातीं गेला. त्या वेळीं त्याचें वजन सुमारें ९० कॅरट होतें, आणि जुन्या हिंदी पद्धतीप्रमाणें वजन शक्य तेवढें राखून त्यास पैलू पाडलेले होते. लंडनमध्यें त्यास पुन्हां घडवितांना वजन ८० कॅरटांच्या आंत आलें. पुढें १९४० सालीं न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानें त्यास तिसऱ्यांदा पैलू पाडविले, आणि तो अवघा ४३.३८ कॅरटांचा राहिला. निम्म्याहून अधिक वजन तेजासाठीं खर्ची पडलें. जें एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यानें जाणून केलें, तें चाळीस-पन्नास सेंटच्या खड्याच्या गिऱ्हाइकानेंही ध्यानांत धरावें: पैसे कमी पडत असतील तर वजनांत, रंगांत किंवा स्वच्छतेंत एखादी पायरी खालीं उतरावें, घडणींत उतरूं नये. जीआयएच्या दाखल्यावर गोल हिऱ्याच्या घडणीस एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर व पुअर अशा पांच प्रती असतात. पहिल्या दोहोंच्या खालीं सहसा जाऊं नये.

सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्कां'सारखा रकाना हिऱ्याच्या दाखल्यावरही असतो. तो म्हणजे तळाशीं बारीक अक्षरांत दिलेला शेरा. घाईंत हाच वाचावयाचा राहतो. काळा डाग घालविण्यासाठीं लेसरनें छिद्र पाडलें आहे काय, उष्णता व दाब देऊन रंग सुधारला आहे काय, याची नोंद येथें सांपडते. चिरा लपविण्यासाठीं त्यांत कांचेसारखें द्रव्य भरलेल्या हिऱ्यांस तर जीआयए प्रतवारीच देत नाहीं, कारण सोनाराच्या फुंकणीच्या आंचेनें तें द्रव्य बिघडूं शकतें. 'फ्लुओरेसन्स' हा शब्दही पाहण्याजोगा. अतिनील प्रकाशांत कांहीं हिरे निळसर उजळतात. हा गुण सौम्य असेल तर चिंता नाहीं, फार तीव्र असेल तर क्वचित् खडा दुधाळ दिसतो आणि त्याचा भावही कमी असतो.

दाखला असा वाचून झाला म्हणजे बांधावर जाण्याची वेळ येते. पुष्कळ हिऱ्यांच्या कंगोऱ्यावर दाखल्याचा नंबर लेसरनें कोरलेला असतो. तो भिंगाखालीं दाखविण्यास पेढीवाल्यास सांगावें. तोच नंबर संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तेथील नोंद व हातांतील कागद एक आहेत ना, हें पाहावें. एवढ्यावरही थांबूं नये. दुसऱ्याच खऱ्या हिऱ्याचा नंबर मानवनिर्मित खड्यावर कोरून तो विकावयास आणल्याचे प्रकार जीआयएनें स्वतः उजेडांत आणले आहेत. नंबर कोरतां येतो. पण वजन सेंटापर्यंत, लांबी-रुंदी-खोली मिलिमीटराच्या शतांशापर्यंत, आणि पोटांतील दोषांचा नकाशा, हें सर्व एकाच वेळीं जुळवून आणणें फार कठीण. म्हणून मोठा खडा कोंदणांत बसण्यापूर्वीं सुटाच पाहावा, आणि त्याचें वजन व मापें आपल्यासमोर घेऊन दाखल्याशीं ताडावीं. शंका उरलीच तर मुंबईच्या परीक्षणसंस्थेकडून पुन्हां तपासून घेण्याची अट खरेदीपूर्वींच ठरवावी.

या ठिकाणीं घरगुती परीक्षांचा मोह टाळलेला बरा. खरा हिरा ऐरणीवर घणाच्या घावानें फुटत नाहीं, ही समजूत मराठी मुलखांत फार जुनी आहे आणि तितकीच घातक आहे. हिरा सर्वांत कठीण खरा, म्हणजे तो दुसऱ्या खनिजांवर ओरखडा काढतो. पण त्याच्या स्फटिकांत कांहीं दिशा अशा असतात कीं, त्या दिशेनें नेमका घाव बसला तर तो लाकडासारखा चिरफळतो. उच्छ्वासाची वाफ क्षणांत उडून जाणें किंवा उष्णता मोजणाऱ्या लेखणीसारख्या यंत्रानें 'डायमंड' दाखविणें, एवढ्यानेंही निर्णय होत नाहीं. मॉइसॅनाइट नांवाचा नकली खडा अशा यंत्रास सहज फसवितो, आणि मानवनिर्मित हिरा तर तीं सर्वच परीक्षा उतरतो.

नथ, कुड्या, मंगळसूत्राची वाटी अशा दागिन्यांत बारीक बारीक खडे पुष्कळ असतात. त्यांतील प्रत्येकाचा वेगळा दाखला मिळत नाहीं. कांहीं संस्था संपूर्ण दागिन्याचा एक दाखला देतात. खडे कोंदणांत असतांनाच ते तपासलेले असल्यामुळें त्यावर रंग व स्वच्छता अंदाजी मर्यादांत दिलेली असते. असा दाखला अंगठींतल्या एकट्या मोठ्या खड्यासाठीं पुरेसा समजूं नये. दागिन्यांतील सोन्याचा प्रश्न निराळा. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह, शुद्धतेचा आंकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी पाहावा. हिऱ्याच्या दागिन्यांत सोनें बहुधा १८ किंवा १४ कॅरटांचें असतें. हें हॉलमार्क सोन्याविषयीं बोलतें, हिऱ्याविषयीं एक अक्षरही सांगत नाहीं. पावतीवर दागिन्याचें एकूण वजन, सोन्याचें निव्वळ वजन, खड्यांचें वजन, घडणावळ, जीएसटी आणि दाखल्याचा नंबर हीं सर्व स्वतंत्र लिहून घ्यावीं. पांच कॅरट खडे म्हणजे एक ग्रॅम. खड्यांचें वजन वजा न करतां सोन्याचा भाव लावला, तर तेवढे खडे दोनदां विकत घेतल्यासारखें होतें.

शेवटीं दाखल्यांत जें लिहिलेलें नसतें त्याचा विचार. त्यावर किंमत नसते, आणि उद्यां ती काय असेल याचें आश्वासन तर मुळींच नसतें. सोनें मोडावयास नेलें तर त्या दिवसाचा भाव दाखवितां येतो. हिरा परत द्यावयास नेलें तर असा सर्वमान्य भाव नसतो. पेढी परत घेते कीं नाहीं, घेतल्यास रोख देते कीं केवळ दुसऱ्या दागिन्यांत वळती करते, आणि घट किती धरते, हें खरेदीच्याच दिवशीं पावतीवर लिहून घ्यावें. मानवनिर्मित हिऱ्याच्या बाबतींत तर भाव घसरत असल्यामुळें हा प्रश्न आधींच विचारणें अगत्याचें आहे. अडीअडचणीस उपयोगीं पडावा म्हणून ज्यास पैसा ठेवावयाचा आहे, त्यानें तो हिऱ्यांत घालूं नये. लेकीच्या बोटांत शोभावा, तिच्या पुढें तिच्या लेकीकडे जावा, एवढ्यासाठीं घेतलेला हिरा मात्र भावाच्या चढउतारानें कमी होत नाहीं.

पौडच्या कचेरींतून उतारा घेऊन निघालेला शेतकरी त्याच दिवशीं सौदा करीत नाहीं. तो घरीं जातो, चार माणसांत कागद वाचतो, दुसऱ्या दिवशीं बांधावर जातो. हिऱ्याच्या गिऱ्हाइकानेंही तेंच करावें. दाखल्याचा नंबर टिपून घ्यावा, घरीं येऊन तो संस्थेच्या नोंदींत पाहावा, त्याच प्रतीच्या खड्याचा भाव आणखी दोन पेढ्यांवर विचारावा, आणि मग पैसे मोजावे. खडा भिंगाखालीं दाखविण्यास किंवा एक दिवस थांबण्यास ज्या पेढीला हरकत वाटत असेल, तेथून रिकाम्या हातानें परत येण्यांत नुकसान कांहींच नाहीं.